बुडाला लागू देऊ नका

पोरांनो,

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की माझा फोन वाजायला लागतो. "आत्या, डिसेंबरच्या सुट्टीत एक छोटासा ऑनलाइन कोर्स टाकू का?" दरवर्षी प्रश्न हाच, आणि त्यातला 'छोटासा'ही ठरलेला. न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात अ‍ॅडव्हायझिंगच्या खिडकीमागे मी बावीस वर्षं बसले. तिथेही पोरं हेच विचारायची, फक्त आत्या म्हणत नसत. आता निवृत्त झालेय, वेळ आहे, तर एकदाच सगळं लिहून काढते. तुमच्यातली दोघं इथं जन्मलेली, दोघं विद्यार्थी व्हिसावर आलेली. काही गोष्टी एकाला लागू पडतात, दुसऱ्याला नाही. ते त्या त्या ठिकाणी सांगेन.

आधी तो 'छोटासा' डोक्यातून काढा. आजीला बासुंदीचं दूध आटवताना पाहिलंय ना? दोन लिटरचं एक लिटर होतं तेव्हा नुसतं पाणी उडून जातं, ऐवज तेवढाच राहतो. हिवाळी कोर्स तसाच. अमेरिकेत एका क्रेडिटचा हिशेब साधारण असा धरतात: आठवड्याला एक तास वर्ग, त्यावर दोन तास घरचा अभ्यास, असे पंधराएक आठवडे. तीन क्रेडिटचे झाले १३५ तास. सेमिस्टरमध्ये ते आठवड्याला ९ पडतात आणि इकडे-तिकडे खपून जातात. तोच कोर्स तीन आठवड्यांत कोंबला की आठवड्याला ४५ तास. म्हणजे पूर्णवेळ नोकरी, वर पाच तास ओव्हरटाइम. नाताळ, ३१ डिसेंबर, रविवार असं काहीही न सोडता रोज बसलात तरी दिवसाला साडेसहा तास होतात. शनिवार-रविवार सोडलेत तर नऊ.

हा हिशेब कागदावरचा आहे, कबूल. ज्याला विषय आधीच थोडा येतो तो यापेक्षा लवकर उरकतो. पण दुसरा हिशेब कुणालाच चुकत नाही. आठवड्याचे पाच दिवस कामाचे धरले, तर हिवाळ्यातला एक दिवस म्हणजे सेमिस्टरचा एक आख्खा आठवडा. तापाने दोन दिवस पडून राहिलात की पंधरवडा बुडाला. आटत्या दुधाकडे पाठ फिरवली की ते बुडाला लागतं, आणि मग करपलेला वास सगळ्या पातेल्याला येतो, खालच्या थरापुरता राहत नाही.

जानेवारीची ही फट वापरायची कल्पना तशी जुनी. फ्लोरिडातल्या ज्या कॉलेजाला आज एकर्ड म्हणतात ते १९६० साली सुरू झालं, तेव्हापासून तिथे चार महिने, एक महिना, चार महिने अशी वर्षाची मांडणी होती. मधल्या महिन्यात एकच विषय, तोच खोलवर. एमआयटीत १९७१पासून जानेवारी मोकळा ठेवतात. पोरं त्यात काचकामापासून काहीही शिकतात, कोडी सोडवायची मोठी शर्यत लावतात. तुम्ही म्हणताय तो कोर्स मात्र याहून व्यवहारी कुळातला. रटगर्स, माँटक्लेअर स्टेट, न्यूयॉर्कची क्युनी यांच्यासारखी सार्वजनिक विद्यापीठं डिसेंबर-जानेवारीच्या सुट्टीत चालवतात तो, बहुतेक सगळा ऑनलाइन. क्रेडिट मिळवा आणि पुढे चला, असा त्याचा रोखठोक स्वभाव. मला त्यात काही वावगं वाटत नाही. फक्त आपण कशासाठी जातोय ते स्वतःशी स्पष्ट हवं.

कशासाठी जावं? एखादा कोर्स नापास झालात किंवा सोडलात आणि त्यामुळे पुढचे दोन अडलेत, म्हणून जा. स्प्रिंगला प्रयोगशाळेचे दोन विषय एकदम आलेत, एखादा जनरल एज्युकेशनचा विषय आधीच उरकून भार हलका करायचाय, म्हणून जा. तीन क्रेडिट कमी पडल्यामुळे मे महिन्यातलं ग्रॅज्युएशन डिसेंबरवर जातंय, तर जरूर जा. सुट्टीत घरी बसून कंटाळा येईल म्हणून मात्र जाऊ नका. कंटाळा फुकट येतो, कोर्सला पैसे पडतात. आणि मित्र घेतोय म्हणून तर मुळीच नको. माझ्या खिडकीशी रडलेल्यांत ही जात सर्वांत मोठी होती.

विषय कोणता घ्यावा, यावर माझं मत ठाम आहे, कुणाला पटो न पटो. ज्या विषयाचे तुकडे सुटे सुटे घेता येतात तो तीन आठवड्यांत जमतो: समाजशास्त्राची ओळख, मानसशास्त्र, कलेचा इतिहास, मॅक्रोइकॉनॉमिक्स, पोषणशास्त्र. एक प्रकरण कच्चं राहिलं तरी पुढचं कळतं. ज्या विषयात कालचं मुरल्याशिवाय आजचं उमगत नाही तो घेऊ नका: कॅल्क्युलस दोन, ऑरगॅनिक केमिस्ट्री, आयुष्यातलं पहिलं प्रोग्रॅमिंग, नवी भाषा. मेंदूला मुरायला रात्री लागतात, आणि तीन आठवड्यांत रात्री एकवीसच असतात. लोणचं दुसऱ्या दिवशी वाढलं तर फोडी करकरीतच लागणार. स्टॅटिस्टिक्स मधलं आहे. गणिताची भीती नसेल तर घ्या, असेल तर सेमिस्टरमध्ये घ्या.

पब्लिक स्पीकिंग हा या सगळ्यात गमतीचा विषय. ऑनलाइन कोर्समध्ये भाषण रेकॉर्ड करून पाठवायचं असतं, आणि काही ठिकाणी समोर चार-पाच प्रौढ श्रोते बसलेले दिसले पाहिजेत अशी अट असते. इथे डॉर्म रिकामी झालेली, श्रोते आणणार कुठून? सुट्टीला पुण्याला गेलात तर श्रोत्यांचा सुकाळ. फक्त काकांना आधीच बजावून ठेवा की भाषण संपेपर्यंत प्रश्न विचारायचे नाहीत.

आता जरा किचकट भागाकडे. कोर्स आपल्याच विद्यापीठात घ्यायचा की जवळच्या कम्युनिटी कॉलेजात? कम्युनिटी कॉलेज स्वस्त पडतं, आपल्या काउंटीतलं असेल तर फारच. पण तिथून येतं ते साधारणपणे नुसतं क्रेडिट, ग्रेड तिथेच राहतो. म्हणजे तिथे ए मिळवलात तरी इथला जीपीए हलणार नाही. जीपीए वर काढायचा असेल तर आपल्याच घरी कोर्स घ्या. उलट, विषय अवघड आहे, सी मिळाला तरी पुरे, फक्त रकाना भरायचाय, असं असेल तर बाहेरून आणणं शहाणपणाचं. नापास झालेला विषय बाहेर पुन्हा करून जुना एफ पुसता येईल असं वाटत असेल, तर आधी विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी तो पुसला जात नाही. शेवटची ३० क्रेडिट इथेच झाली पाहिजेत असाही नियम पुष्कळ विद्यापीठांत असतो, तो शेवटच्या वर्षाला असणाऱ्यांनी बघावा. आणि जिला मेडिकलला जायचंय तिने लक्षात ठेवावं, की काही मेडिकल स्कूल विज्ञानाचे पायाभूत विषय ऑनलाइन किंवा कम्युनिटी कॉलेजात केलेले बघून नाक मुरडतात. समाजशास्त्राला कुणी काही म्हणत नाही.

न्यू जर्सीत अठरा कम्युनिटी कॉलेजं आहेत, आणि कुठला कोर्स कुठे काय म्हणून धरला जातो हे एनजे ट्रान्सफर नावाच्या सरकारी साइटवर बसल्या जागी कळतं. कॅलिफोर्नियात तेच काम असिस्ट करतं. पण नुसतं तिथे पाहून थांबू नका. आपल्या अ‍ॅडव्हायझरला ईमेल करा, कोर्सचा नंबर लिहा, "हा माझ्या अमुक गरजेसाठी धरला जाईल का" असं सरळ विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी 'हो' मला बावीस वर्षांत कधी कामाला आलेलं दिसलं नाही. कोर्स 'ट्रान्सफर होतो' आणि कोर्स 'तुमच्या मेजरमध्ये धरला जातो' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याचा अर्थ क्रेडिट पदरात पडेल, एवढाच. ते कुठल्या रकान्यात बसेल हे दुसऱ्यावर ठरतं. इलेक्टिव्हचा रकाना आधीच भरलेला असेल तर नवं क्रेडिट लग्नात आलेल्या सतराव्या भिंतीवरच्या घड्याळासारखं. नाही म्हणता येत नाही आणि लावायला भिंत नाही.

अजून एक खाच. कोर्स जानेवारीच्या मध्याला संपतो आणि स्प्रिंग लगेच सुरू होतो. हिवाळ्यातल्या विषयावर स्प्रिंगचा विषय अवलंबून असेल, आणि तो विषय तुम्ही बाहेर केला असेल, तर ग्रेड लागणं, ट्रान्सक्रिप्ट निघणं, इकडे पोचणं, नोंद होणं यात दिवस जातात. तोपर्यंत संगणक तुम्हाला पुढच्या वर्गातून बाहेर काढून मोकळा. म्हणून निघायच्या आधी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, विभागाकडून ओव्हरराइड, म्हणजे वर्गात राहायची खास परवानगी, मिळेल का हे विचारून ठेवा. जानेवारीत तुमच्यासारखे दोनशे जण एकाच दारात उभे असतात.

आता पैसे. पूर्णवेळ विद्यार्थ्याला सेमिस्टरमध्ये एकगठ्ठा फी असते तिथे अनेकांना वाटतं हिवाळाही त्यातच आला. नसतो आला. हिवाळ्याचं बिल वेगळं, दर क्रेडिटवर, आणि वर किरकोळ फिया. इथल्या नागरिक पोरांनी मदत गृहीत धरू नये. बरीच कॉलेजं हिवाळी कोर्स फॉलला किंवा स्प्रिंगला जोडून मोजतात, आणि एकट्या तीन क्रेडिटवर हातात फारसं काही पडत नाही. फायनान्शियल एडच्या ऑफिसात नोव्हेंबरमध्येच जाऊन विचारा. २४ डिसेंबरपासून नव्या वर्षापर्यंत बहुतेक ऑफिसं बंद असतात, आणि अडचण नेमकी त्याच आठवड्यात येते.

मला २ जानेवारीची सकाळ अजून आठवते. वर्ष कुठलं ते सोडा, दरवर्षीची सारखीच. दाराबाहेर खारवलेला बर्फ, आत रांग, रांगेत ओले बूट. पहिला नंबर एका पोराचा, एका मोठ्या दुकानात सेल्सला होता. नाताळच्या सेलमध्ये रोज दहा-दहा तास उभा राहिलेला, डोळे सुजलेले. त्याने कॅल्क्युलस दोन घेतला होता.

"ड्रॉप करायचाय."

मी स्क्रीन बघितला. पूर्ण पैसे परत मिळायची शेवटची तारीख २४ डिसेंबर. कोर्स २३ला सुरू झालेला.

"पण मी अजून उघडलासुद्धा नाही," तो म्हणाला.

नेमकी तीच तर अडचण होती. सेमिस्टरमध्ये कोर्स बदलायला आठवडा मिळतो, हिवाळ्यात एक दिवस, फार तर दोन. त्याला मी विथड्रॉचा अर्ज दिला. ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू लागला, पैसे गेले. डब्ल्यूने जीपीए बिघडत नाही, पण घेतलेल्या क्रेडिटपैकी पुरी किती केलीत हे फायनान्शियल एडवाले मोजतात, आणि तिथे डब्ल्यू घेतलेल्यात धरतात, पुऱ्या केलेल्यात धरत नाहीत. त्याला हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्याने फक्त मान हलवली आणि टोपी डोळ्यांवर ओढली. मागून पुढचा म्हणाला, "माझंही तेच आहे."

म्हणून कोर्स सुरू व्हायच्या आदल्या रात्री ड्रॉपची तारीख कागदावर लिहून लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवा. पहिल्या दिवशी तीन तास मन लावून काम करा, मग स्वतःला विचारा, हे वीस दिवस जमेल? नाही वाटलं तर त्याच संध्याकाळी सोडा. लाज वाटून घेऊ नका. पहिल्या दिवशी सोडणाऱ्याला मी नेहमी शहाणा म्हटलंय.

आणि नुसतं लॉगिन केलं म्हणजे हजेरी लागली असं समजू नका. काहीतरी केलेलं दिसावं लागतं: क्विझ, चर्चेतलं एखादं उत्तर, एखादी जमा केलेली असाइनमेंट. काही कॉलेजं पहिल्या दोन दिवसांत काहीच न करणाऱ्याचं नाव काढून टाकतात, आणि काही काढत नाहीत. मला विचाराल तर दुसरी अधिक वाईट. नाव तसंच राहतं आणि शेवटी एफ लागतो.

व्हिसावाल्या दोघांनो, आता तुमचं. सुट्टी ही सुट्टी असते, हिवाळ्यात कोर्स घेण्याची तुमच्यावर कसलीही सक्ती नाही. फॉल आणि स्प्रिंगला अंडरग्रॅडला किमान १२ क्रेडिट लागतात आणि त्यात ऑनलाइन एकच कोर्स, फार तर तीन क्रेडिट, मोजता येतो, हे तुम्हाला पाठ असेल. हिवाळ्यातला ऑनलाइन कोर्स वरचा, म्हणून घ्यायला हरकत नसते. पण हिवाळ्यात तीन केली म्हणून स्प्रिंगला नऊवर भागवू, असा विचार मनात आला असेल तर थांबा. हे तुमच्या इंटरनॅशनल ऑफिसच्या लेखी उत्तराशिवाय करायचं नाही. कॅम्पसवरची नोकरी असेल तर सुट्टीतले जास्तीचे तास या कोर्समुळे बदलतात का, तेही त्याच ईमेलमध्ये विचारा. आणि भारतात जाताय तर आय-ट्वेंटीवरची प्रवासाची सही वर्षाच्या आतली आहे का बघा. याचा कोर्सशी संबंध नाही, पण मी आत्या आहे.

भारतात जाऊन कोर्स करायचा असेल तर पुढचं नीट वाचा, कारण हे मी दुरून पाहिलेलं नाही.

भाच्याचं लग्न होतं, पुण्याला. पौष लागायच्या आत बार उडवायचा म्हणून २८ डिसेंबरचा मुहूर्त धरला, सकाळी १० वाजून ४१ मिनिटांचा. माझ्या धाकटीने त्याच सुट्टीत स्टॅटिस्टिक्स घेतलेलं. दुसऱ्या क्विझची मुदत होती २७ तारखेला रात्री ११:५९, न्यू जर्सीची वेळ. हिवाळ्यात पुणं न्यू जर्सीच्या साडेदहा तास पुढे. म्हणजे आपल्या घड्याळात २८ला सकाळी १०:२९. मुहूर्ताच्या आधी बारा मिनिटं. बाईसाहेबांच्या डोक्यात आदल्या रात्री काय होतं, तर "रात्री मेंदी काढून घेते, सकाळी अर्ध्या तासात करते."

सकाळी पावणेदहाला ती नऊवारीत, दोन्ही हातांवर मेंदी, वरपक्षाच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली. पासवर्ड बरोबर पडला. मग स्क्रीनवर आलं: तुमच्या फोनवर कोड पाठवला आहे. फोन अमेरिकन नंबरचा. त्यातलं सिम मुंबई विमानतळावर काढून तिथे भारतातलं घातलेलं. काढलेलं सिम तिने माझ्या हातात दिलं होतं, "आई, जपून ठेव."

मी जपून ठेवलं होतं. कुंकवाच्या करंड्यात. एवढी बारीक चीज पर्समध्ये हरवेल, करंडा कुठे जातोय? करंडा गेला होता गुरुजींच्या पुढ्यातल्या तबकात.

मग जे झालं ते व्हिडिओत आहे. गुरुजी संकल्प सांगताहेत आणि नवऱ्याची आत्या वाकून करंड्यात बोट घालून काहीतरी शोधतेय. सिम मिळालं, लालभडक. पुसून फोनमध्ये घातलं तर नेटवर्कच येईना, रोमिंग चालू केलेलं नव्हतं. विद्यापीठाच्या हेल्पडेस्कला फोन लावला तर नाताळची सुट्टी, ऑफिस २ जानेवारीला उघडेल असं रेकॉर्डिंग वाजलं. साडेदहा वाजून गेले. बाहेर मंगलाष्टकं सुरू झाली, आणि माझी पोर अक्षता घेऊन उभी, डोळ्यांत पाणी. सगळ्यांना वाटलं भावाच्या लग्नात भरून आलंय.

त्या क्विझला शून्य. क्विझ एकूण पाचच होते, सगळ्यात कमी मार्कांचा एक सोडून देण्याची सोय त्या कोर्सात नव्हती. ए व्हायचा तो बी झाला.

तर निघायच्या आधी दोन घटकांच्या लॉगिनची सोय लावा. एसएमएसवर विसंबू नका. ड्युओसारखं अ‍ॅप फोनमध्ये टाका. ते सिमवर चालत नाही, इंटरनेट मिळालं की पुरे, आणि तेही नसेल तर अ‍ॅपमधला आकडा बघून घालता येतो. फोनच हरवला तर? म्हणून आयटीकडून एकदाच चालणारे कोड मिळत असतील तर ते घ्या आणि कागदावर उतरवा. घरात बसून वायफायवर, सिम काढून, एकदा करून बघा. विमानतळावर प्रयोग नकोत.

वेळेचं कोष्टक स्वतःच्या हाताने काढा. पूर्व किनाऱ्यावरची रात्री ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी १०:२९. कॅलिफोर्नियाच्या कॉलेजाची असेल तर दुपारी १:२९. संध्याकाळी सहाचा लाइव्ह वर्ग पहाटे साडेचारला. कोर्स ज्या साइटवर चालतो त्या कॅनव्हसमध्ये टाइम झोन बदलता येतो. बदलायचा तर पहिल्याच दिवशी बदला, नाहीतर अजिबात नको. अर्ध्या तारखा इथल्या आणि अर्ध्या तिथल्या डोक्यात ठेवणाऱ्याचं काय होतं ते वर वाचलंत. आणि भारतात असताना 'आदल्या रात्रीची' मुदत अशी भाषाच वापरू नका. प्रत्येक काम आपल्या रात्री झोपण्याआधी जमा. मग सकाळचे साडेदहा तास तुमच्या गाठीशी राहतात, वीज गेली तरी, राउटर बंद पडला तरी.

परीक्षा प्रॉक्टर्ड आहे का ते नाव नोंदवण्याआधी सिलॅबसमध्ये बघा, नसेल लिहिलं तर प्राध्यापकांना विचारा. कॅमेरा चालू, ब्राउझर कुलूपबंद, कधी खोली फिरवून दाखवायची. ओहायोत २०२२ साली एका संघीय न्यायाधीशाने एका सरकारी विद्यापीठाची ही खोली दाखवण्याची सक्ती घटनेविरुद्ध ठरवली, पण म्हणून सगळीकडची थांबली असं समजू नका. लग्नघरातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये नव्वद मिनिटं एकही माणूस खोलीत येणार नाही, हे जमवणं स्टॅटिस्टिक्सपेक्षा कठीण. दाराला आतून कडी लावा, बाहेर कागद लावा, तरी मावशी चहा घेऊन ठोठावणारच. त्यापेक्षा जिचं घर शांत आहे अशा मैत्रिणीकडे जा, आणि इन्व्हर्टर आहे ना ते विचारून जा.

पुस्तकं. छापील पुस्तक मागवत बसू नका, नाताळच्या गर्दीत पार्सल अडकतं. कोर्सला ओपनस्टॅक्सचं पुस्तक असेल तर नशीबवान. राइस विद्यापीठाने २०१२पासून ही फुकट पाठ्यपुस्तकं काढली आहेत, पीडीएफ उतरवून विमानातही वाचता येतात. लायब्ररीतून दाखवायचे काही चित्रपट भारतातून उघडत नाहीत. ते आधी बघून टाका, किंवा विद्यापीठाचा व्हीपीएन चालतो का बघा.

हिवाळ्यातली चर्चा म्हणजे डिस्कशन बोर्ड, याला फार जण हलकं धरतात. सेमिस्टरमध्ये आठवड्याला एक पोस्ट आणि दोन उत्तरं असतात. इथे तेच दर दोन दिवसांनी. "मला तुझा मुद्दा आवडला" एवढ्याला मार्क नाहीत. वाचलेल्या पानातलं एक वाक्य उचला, त्याशी पटतं की नाही ते सांगा, का ते सांगा. आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहा, मग तिथे डकवा. लिहीत असताना पान गेलं की दुसऱ्यांदा तितकं बरं लिहिलं जात नाही. चॅटजीपीटीबद्दल मी काही भाषण देणार नाही. प्रत्येक कोर्सचा नियम वेगळा, तो वाचा. फक्त लिखाण गुगल डॉक्समध्ये करा. उद्या कुणी शंका घेतलीच तर कधी काय लिहिलंत त्याचा इतिहास तुमच्या बाजूने बोलेल.

प्राध्यापकांना पहिल्याच दिवशी एक छोटं ईमेल करा: मी अमुक, या तारखांना भारतात असेन, सगळ्या मुदती पाळीन, प्रॉक्टर्ड परीक्षेच्या वेळेबद्दल एवढंच विचारायचंय. विषयाच्या ओळीत कोर्सचा नंबर. हिवाळ्यात शिकवणारे बरेच जण कंत्राटी असतात, दोन-तीन ठिकाणी शिकवतात, आणि तुमच्यासारखेच सुट्टी घालवून बसलेले असतात. आधी सांगणाऱ्याला ते सांभाळून घेतात. ३० डिसेंबरला रात्री कारण लिहिणाऱ्याला नाही, आणि मला वाटतं ते बरोबर आहे.

घरच्यांनाही सांगा. "सुट्टीवर आलाय ना, मग काय लॅपटॉपला चिकटलाय" हे ऐकावंच लागतं. आल्या दिवशी आजीला सांगून टाका: रोज सकाळी सात ते एक मी शाळेत आहे, त्यानंतर तुझा. आजीला शाळा कळते. ऑनलाइन कळत नाही. माझ्या मोठीने हे केलं होतं, तर आजीने सकाळी पोह्यांची ताटली लॅपटॉपशेजारी ठेवून दार ओढून घेतलं, आणि खाली आलेल्या दोन शेजारणींना फाटकातूनच परत पाठवलं.

नोंदणी बहुतेक ठिकाणी आताच उघडलेली आहे आणि बरे शिक्षक आधी भरतात. ज्यांना जायचंय त्यांनी या आठवड्यात अ‍ॅडव्हायझरला ईमेल करा, त्यात मला कॉपी करा, उत्तर काय येतं ते मी वाचून सांगते. आणि ड्युओच्या कोडांचा कागद पासपोर्टात ठेवा. करंड्यात नको.

तुमची आत्या